एजंट मध्येच बंद पडला तर काय? चेकपॉइंटरचं डॉक्युमेंटेशन कसं लिहायचं

[पडद्यावर चार चौकोन: तक्रार वाचा → ऑर्डर शोधा → पैसे परत करा → मेल पाठवा]

हा चार नोडचा, म्हणजे चार पायऱ्यांचा, रिफंड एजंट: तक्रार वाचून स्वतःच पैसे परत करणारा प्रोग्रॅम. तिसऱ्या नोडनं पेमेंट गेटवेला विनंती पाठवली, गेटवेनं पैसे परत केले आणि त्याचं उत्तर पोचायच्या आत आपला सर्व्हर बंद पडला. आता सर्व्हर पुन्हा चालू केला तर एजंट कुठून सुरू होईल? ग्राहकाला पैसे एकदा मिळतील की दोनदा?

चेकपॉइंटर म्हणजे एजंटची प्रगती वेळोवेळी सेव्ह करणारा भाग. तुम्ही टीमसाठी त्याचं डॉक्युमेंटेशन लिहीत असाल, तर पहिल्या पानावर या प्रश्नाचं उत्तर हवं. इन्स्टॉलची कमांड दुसऱ्या पानावर गेली तरी चालेल. आज लँगग्राफ या एजंट बनवायच्या पायथॉन लायब्ररीचा चेकपॉइंटर घेऊन बघू.

लँगग्राफ नोडच्या मधल्या ओळीला काहीही सेव्ह करत नाही. एक सुपर-स्टेप संपली की स्टेटचा, म्हणजे एजंटनं तोवर गोळा केलेल्या माहितीचा, चेकपॉइंट पडतो. सुपर-स्टेप म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या नोडचा गट. आपले नोड एकामागून एक आहेत, म्हणून इथे एक नोड म्हणजे एक स्टेप. सगळं सुरळीत झालं तर किती चेकपॉइंट पडतील ते मोजा: सुरुवातीचा रिकामा एक, इनपुट आल्यावर एक, चार नोडचे चार. एकूण ६. हा आकडा डॉक्युमेंटेशनमध्ये चित्रासकट द्या, कारण हिस्टरी उघडणारा प्रत्येक जण चारच शोधतो आणि गोंधळतो.

म्हणजे आपल्या बिघाडात शेवटचा चेकपॉइंट दुसऱ्या नोडनंतरचा आहे. तिसरा नोड पहिल्या ओळीपासून पुन्हा चालेल आणि गेटवेला विनंती पुन्हा जाईल. यात चेकपॉइंटरची चूक नाही. त्याला फक्त स्टेट माहीत असतं, बाहेरच्या जगात काय घडून गेलं ते माहीत नसतं. हे वाक्य ठळक अक्षरात लिहा.

उपाय म्हणजे आयडेम्पोटन्सी की (key), म्हणजे विनंतीसोबत पाठवायची तिची ओळखखूण. गेटवेची तशी सोय असेल, तर तीच की घेऊन आलेली दुसरी विनंती तो नवा व्यवहार धरत नाही. पण इथे एक चूक अगदी सहज होते: की तिसऱ्या नोडच्या आतच रँडम तयार केली जाते. नोड पुन्हा चालला की नवी की तयार होते आणि तिचा उपयोग शून्य. की ऑर्डर क्रमांक आणि तक्रार क्रमांक जोडून बनवा. रँडमच हवी असेल तर दुसऱ्या नोडमध्ये तयार करून स्टेटमध्ये ठेवा, म्हणजे चेकपॉइंटमध्ये तीही सेव्ह होईल.

माणसाची मंजुरी घेण्यासाठी इंटरप्ट, म्हणजे एजंटला मध्येच थांबवणारा कॉल, वापरत असाल तर तिथेही हाच नियम. साहेबांनी ‘मंजूर’ दाबल्यावर नोड इंटरप्टच्या ओळीपासून पुढे जात नाही, तो पहिल्या ओळीपासून पुन्हा चालतो. म्हणून मेल पाठवणं, नोंद घालणं ही कामं इंटरप्टच्या खाली किंवा वेगळ्या नोडमध्ये ठेवा. शिवाय इंटरप्टभोवती सरसकट ट्राय-एक्सेप्ट लावू नका. इंटरप्ट आतून एक्सेप्शनच फेकतो. तुम्ही ते पकडलंत तर एजंट थांबणारच नाही.

आता बिघाडानंतर पुन्हा सुरू करण्याची कृती. तोच थ्रेड आयडी (एका कामाचे सगळे चेकपॉइंट ज्या नावाखाली साठवले जातात ते नाव) द्या आणि इनपुटच्या जागी नन (None) द्या. मूळ तक्रार परत इनपुट म्हणून दिलीत तर जुन्या स्टेटवरच ग्राफ सुरुवातीपासून धावतो आणि यादीत भर घालणाऱ्या फील्डमध्ये तीच नोंद दोनदा दिसते. डॉक्युमेंटेशनमध्ये दोन्ही कोड शेजारी-शेजारी दाखवा: बरोबर आणि चूक.

थ्रेड आयडी कशापासून बनवायचा, हेही ठरवून लिहा. ग्राहक क्रमांक वापरलात तर त्याच ग्राहकाची पुढची तक्रार जुन्या तक्रारीच्या स्टेटवर जाऊन बसते. एक तक्रार, एक थ्रेड.

इन्स्टॉलचा भाग थोडक्यात. चेकपॉइंट कुठे साठवायचे ते सेव्हर ठरवतो. इन-मेमरी सेव्हर फक्त चाचणीसाठी. प्रोसेस गेली की सगळं गेलं. खऱ्या कामाला पोस्टग्रेस डेटाबेसचा सेव्हर घ्या आणि पहिल्यांदा सेटअप मेथड चालवा, त्याशिवाय टेबलं तयार होत नाहीत. कनेक्शन स्वतः उघडून देत असाल तर ऑटोकमिट ट्रू ठेवा, नाहीतर टेबलं कायमची नोंदली जात नाहीत. रो फॅक्टरी डिक्ट रो (row_factory=dict_row) ठेवा, नाहीतर टाइप एरर येते. कनेक्शन स्ट्रिंगवरून विथ ब्लॉकमध्ये सेव्हर उघडला असेल, तर ग्राफही त्याच ब्लॉकच्या आत चालवा. बाहेर कनेक्शन बंद झालेलं असतं.

ड्युरेबिलिटीचे, म्हणजे चेकपॉइंट कधी लिहायचा याचे, तीन पर्याय आहेत. ‘एक्झिट’मध्ये ग्राफ थांबल्यावरच सेव्ह होतं, त्यामुळे वीज गेली तर मधल्या पायऱ्या गेल्या. ‘असिंक’मध्ये पुढची स्टेप चालू असताना मागची लिहिली जाते. ‘सिंक’मध्ये लिहून झाल्यावरच पुढची स्टेप सुरू होते. पैशांचं काम असेल तर आम्ही सिंकच सांगू; होणारा थोडा उशीर परवडतो.

एक पान कोड बदलणाऱ्यांसाठी ठेवा. स्टेटमध्ये नवं फील्ड घातलं तर चालतं. फील्डचं नाव बदललं तर जुन्या थ्रेडमध्ये त्यात साठवलेली माहिती हरवते. आणि मंजुरीसाठी थांबलेले थ्रेड असताना नोडचं नाव बदललं किंवा नोड काढला, तर तिथे परत जायला जागाच उरत नाही. आधी ते थ्रेड पूर्ण होऊ द्या, मग बदल चढवा.

स्टेटमध्ये ग्राहकाचा फोन, पत्ता असेल तर तो चेकपॉइंटसोबत डेटाबेसमध्ये जातो. काम संपल्यावर किती दिवसांनी डिलीट थ्रेड चालवायचं आणि ते कोणी चालवायचं, हे लिहून ठेवा.

हे सगळं लिहून झालं की चाचणी घ्या. तिसऱ्या नोडमध्ये गेटवेच्या कॉलनंतर ३० सेकंदांचा स्लीप टाका आणि तेवढ्यात दुसऱ्या टर्मिनलवरून किल -९ (प्रोसेस तत्क्षणी मारणारी कमांड) द्या. कंट्रोल-सी नको, त्यात पायथॉनला आवरायला वेळ मिळतो. वीज गेल्यावर तो मिळत नाही. मग ज्यानं हा एजंट लिहिला नाही अशा सहकाऱ्याला फक्त तुमचं डॉक्युमेंटेशन द्या आणि एजंट पुन्हा सुरू करायला सांगा. गेटवेच्या टेस्ट खात्यात रिफंडची एकच नोंद दिसली पाहिजे. तो जिथे अडून तुम्हाला विचारेल, तिथली ओळ अजून लिहायची राहिली आहे.