महीच्या मुखाशी तिवरांची लागवड

[कावी-कंबोई. भरतीचे पाणी मंदिराच्या पायथ्याशी चढत आहे.]

बडोद्याहून पादरा-जंबुसर रस्त्याने सुमारे पाऊणशे किलोमीटर गेले की मही नदी खंभातच्या आखाताला मिळते. या किनाऱ्यावरील स्तंभेश्वर महादेवाचे मंदिर भरतीच्या वेळी पाण्याखाली जाते आणि ते दृश्य पाहण्यासाठी श्रावणात बडोद्यातील मराठी कुटुंबेही मोठ्या संख्येने येथे येतात. आमचे चित्रीकरण मंदिरापासून सुरू झाले असले, तरी आमचा विषय ओहोटीला त्याच्या भोवती उघडा पडणारा विस्तीर्ण चिखल हा आहे.

मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात उगम पावणारी मही सुमारे ५८३ किलोमीटरचा प्रवास करून येथे पोहोचते. वाटेत राजस्थानात बांसवाड्याजवळचे धरण, गुजरातेत कडाणा आणि वणाकबोरीचा बंधारा तिचे पाणी शेतीसाठी अडवतात, त्यामुळे पावसाळा सरला की मुखाशी गोडे पाणी फारच कमी येते. बडोदे शहर फाजलपूर, रायका, दोडका आणि पोइचा येथील फ्रेंच विहिरींतून, म्हणजे नदीच्या पात्रात बांधलेल्या खोल विहिरींतून, याच नदीचे पाणी पिते. आपल्याकडे पाण्याचा विषय निघाला की आजव्याचा तलाव आणि सयाजीराव महाराज आठवतात, महीचे नाव सहसा निघत नाही; आणि शहराच्या परिसरातील कारखान्यांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी सुमारे ५५ किलोमीटर लांबीच्या बंदिस्त वाहिनीतून सारोदजवळ महीच्याच मुखात सोडले जाते, हेही फारसे कोणाच्या बोलण्यात नसते.

[आकाशातून घेतलेले दृश्य : आखात आणि खाड्यांचे जाळे.]

वरून पाहिले असता आखाताचा आकार नरसाळ्यासारखा दिसतो. समुद्राचे पाणी रुंद तोंडातून आत शिरते आणि जागा अरुंद होत गेल्यामुळे वर चढते; म्हणूनच आखाताच्या वरच्या भागात उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतील अंतर दहा मीटरपर्यंत जाते. हे पाणी गाळाने इतके गढूळ असते की हातभर खोलीवरचेही दिसत नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाने खालच्या मही खोऱ्यातील गाळाच्या थरांचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे. सुमारे ६,००० वर्षांपूर्वी समुद्राची पातळी चढली असताना भरतीने आणून टाकलेला गाळ आज नदीच्या काठावर उंच कड्यांत उघडा दिसतो. किनारा येथे कधीच एका जागी स्थिर राहिलेला नाही, हे लागवड करणाऱ्याने आधी ध्यानात घ्यावे लागते.

अशा जागी टिकणारे झाड म्हणजे तिवर, ही खारफुटीची एक जात. गुजरातीत त्याला चेर म्हणतात. चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून त्याची श्वसनमुळे जमिनीतून सरळ वर येतात; पानांतील ग्रंथी जास्तीचे मीठ बाहेर टाकतात आणि उन्हात ते पानावर पांढरे चमकते.

[ओहोटीची वेळ. स्त्रिया टोपल्या घेऊन चिखलात उतरत आहेत.]

तिवराची फळे पावसाळ्याच्या उत्तरार्धात पिकतात. बी फळाच्या आतच अंकुरू लागलेले असते, त्यामुळे ते साठवून ठेवण्याची सोय नाही आणि सगळे काम थोड्या दिवसांत उरकावे लागते. झाडावरची आणि पाण्यावर तरंगत आलेली फळे गोळा करायची, किडलेली बाजूला काढायची, उरलेली पाण्यात भिजवून वरची साल सुटू द्यायची, आणि मग ती ओल्या चिखलात टोचायची किंवा पिशव्यांत रुजवायची, असा हा क्रम आहे. जेथे पाण्याची ओढ जास्त आहे, तेथे चिखल हातांनी रचून ओटले केले जातात आणि त्यांवर बी दाटीने पेरले जाते. एकटे रोप भरतीबरोबर उपटून निघते किंवा गाळाखाली जाते, ओटल्यावरची रोपे मात्र एकमेकांच्या आधाराने मूळ धरतात.

जागेची निवड हा यातील खरा शास्त्रीय भाग आहे, आणि लागवडी फसतात त्याही बहुधा येथेच. जागा फार खाली असेल, तर रोप पाण्याखाली गुदमरते आणि खोडाला बार्नेकल हे कवचधारी समुद्री जीव चिकटून ते वाकते. फार वर असेल, तर तेथे केवळ अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचेच पाणी पोहोचते आणि मधल्या दिवसांत मातीवर मिठाचा थर धरतो. म्हणून संशोधक जमिनीची उंची मोजतात, क्षारता तपासतात आणि उपग्रहचित्रे पाहतात. कोणत्या भरतीला पाणी कोठवर येते, हे मात्र किनाऱ्यावरचा मच्छीमार त्यांना उपकरणाशिवाय चालत चालत दाखवतो. आमच्या मते त्या ज्ञानाची नोंद प्रकल्पांच्या अहवालांत असायला हवी तितकी नसते.

१९९२ मध्ये स्थापन झालेल्या गुजरात इकॉलॉजी कमिशनचे कार्यालय पूर्वी बडोद्यातच, रेसकोर्स रस्त्यावर होते. या संस्थेने गावसमित्यांच्या हाती लागवड सोपवण्याची पद्धत राज्याच्या किनाऱ्यावर रुजवली. रोप लावणारे आणि राखणारे हात एकाच गावचे असले पाहिजेत, हा त्यामागचा विचार होता. राज्यातील खारफुटीचे क्षेत्र भारतीय वन सर्वेक्षणाच्या १९९१ च्या गणनेत ३९७ चौरस किलोमीटर होते, ते २०२१ मध्ये १,१७५ चौरस किलोमीटरवर गेले. २०२३ च्या अहवालात ते १,१६४ आहे. यातील सर्वांत मोठा वाटा कच्छचा आहे.

[चिखलावर निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे लहान मासे, उड्या मारत आहेत. मागे तरुण तिवरांची रांग.]

झाडे वाढली की मुळांशी गाळ धरला जातो, मासळीच्या पिल्लांना आसरा मिळतो आणि कापसाच्या शेतांकडे येणारा खारा वारा काहीसा अडतो. त्याच वेळी कोवळी पाने गुरांना आणि उंटांनाही आवडतात, त्यामुळे पहिली काही वर्षे राखण करावीच लागते. केंद्र सरकारने २०२३ मध्ये खारफुटीसाठी मिष्टी ही योजना सुरू केली असून तिच्यात गुजरातचाही समावेश आहे. मेलेल्या रोपांच्या जागी पुढच्या हंगामात पुन्हा बी टोचावे लागते आणि राखणदाराची मजुरी लागवडीचा निधी संपल्यानंतरही द्यावी लागते. गावसमितीच्या बैठकीत सर्वाधिक वेळ याच मजुरीच्या प्रश्नावर जातो.