बेल वाजवली म्हणजे कळवलं असं होत नाही, काका!

नमस्कार मंडळी! कमेंटमध्ये पुन्हा पुन्हा तोच प्रश्न येतोय, "घर मालकाचं, मग दुरुस्तीसाठी तो कधीही आत येणारच ना?"

नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 28. मालकाला जागेची पाहणी करायचा हक्क आहे, पण वाजवी वेळी आणि पूर्वसूचना देऊन. लिव्ह अँड लायसन्सवर राहत असाल तरी हेच. झालं, कायदा एवढाच.

घोळ आहे तो "पूर्वसूचना" या शब्दात. मी भाड्याने राहायचो तेव्हाची गोष्ट. रविवारी सकाळी आंघोळ करून टॉवेलवर बाहेर आलो, तर हॉलमध्ये मालक आणि पान्हा घेतलेला प्लंबर! डुप्लिकेट चावीने आत आले होते. वर मला म्हणतात, "अरे, बेल वाजवली होती की!" काका, बेल वाजली म्हणजे तुम्ही आलात. येणार आहात हे कधी सांगितलंत?

"खाली पोचलोय" हा मेसेजही त्याच जातीचा. आणि एका प्रेक्षकाने ठणकावून लिहिलंय, "करारात पाहणीचं कलम आहे, विषय संपला." अहो, किती आधी कळवायचं ते त्यात आहे का? कलम 28 मध्येही तासांचा आकडा नाही. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात किमान 24 तास आधी कळवा म्हटलंय, पण तो नमुना आहे, राज्याने स्वीकारला तरच लागू. म्हणून सही करण्याआधीच "24 तास आधी, लेखी" असं करारात घालून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलेलं चालेल का, तेही तिथेच लिहा.

पाइप फुटून पाणी जिन्यापर्यंत गेलंय, तेव्हा मात्र 24 तास मोजत बसू नका. दार उघडा!

भाडेकरूंनो, हसताय काय? आज मी घरमालक आहे. बाथरूमच्या गळतीसाठी प्लंबर पाठवतो म्हणालो, तर आमच्या भाडेकरूने तीन शनिवार पुढे ढकलले. तोवर खालच्यांच्या छतावर ओलीचा डाग परातीएवढा झाला. बोलणी कुणी खाल्ली? मी.

आणि मालकच दुरुस्ती टाळत असेल तर? कलम 14. करारात वेगळं ठरलं नसेल तर भाडेकरूने किमान 15 दिवसांची नोटीस द्यायची, वाजवी वेळेत काम झालं नाही तर मग स्वतः काम करून खर्च भाड्यातून वळता करायचा. मर्यादा, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश. पावत्या जपा.

"मी कुलूपच बदलतो" म्हणणाऱ्यांनो, थोडं थांबा, तो पुढचा व्हिडिओ आहे.