आधी धार, मग हात

नमस्कार श्रोतेहो.

वस्तऱ्याने आपली दाढी आपणच करावी, असं हल्ली पुष्कळ तरुणांना वाटू लागलंय. कुणी प्लास्टिकचे रेझर फेकून कंटाळलाय, कुणाच्या मानेवर दर दाढीनंतर पुरळ उठतं, कुणाला आजोबांच्या ट्रंकेत एक काळपट वस्तरा सापडलाय. कारण काहीही असो, यातला प्रत्येक जण आधी विचारतो ते हेच, की वस्तरा धरायचा कसा? मी म्हणतो, तो प्रश्न नंतरचा. आधी धार बघा. हात कितीही स्थिर असला तरी बोथट पातं केस कापत नाही, ओढतं. ओढायला लागलं की माणूस नकळत जोर लावतो, आणि जोर लावला की कापतं. नव्या माणसाला घाबरवतो तो वस्तरा बहुधा धार गेलेलाच असतो. म्हणून आज मी धारेबद्दलच जास्त बोलणार आहे.

वस्तऱ्याचं पातं नीट पाहिलंत तर त्याची एक बाजू जाड दिसेल. ती पाठ. समोरची ती धार. या दोन्हींच्या मधला भाग आत कोरून पातळ केलेला असतो. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांचं गणित असं बसवलेलं असतं, की पातं दगडावर आडवं ठेवलं की पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकतात. धारेचा कोन आपोआप ठरतो, साधारण 16 ते 17 अंशांचा. कोन राखायला वेगळी अटकळ लागत नाही. पाठच तो राखते. हे एकदा ध्यानात आलं की पुढचं पुष्कळसं कळतं. उदाहरणार्थ, गल्लीत सायकलवर चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याला विळी द्या, कात्री द्या, वस्तरा मात्र कधीही देऊ नका. त्याच्या चाकाला पाठ आणि धार यांचं नातं राखता येत नाही. शिवाय कोरड्या चाकावर इतकं पातळ पोलाद क्षणात तापतं, त्याचं पाणी उतरतं, आणि मग ते पुन्हा कधीच धार धरत नाही. धारेजवळ निळसर डाग दिसला तर समजा, ते पातं गेलं.

ही इतकी पातळ धार टिकवणारं पोलाद मिळायला वेळ लागला. इंग्लंडात शेफील्डला 1740च्या दशकात बेंजामिन हंट्समन नावाच्या घड्याळजीने मुशीत पोलाद वितळवून एकजिनसी ओतायची रीत बसवली. त्याला ते हवं होतं घड्याळाच्या स्प्रिंगसाठी, पण कल्याण झालं वस्तऱ्यांचं. (मुशीत पोलाद तयार करायची विद्या आपल्या दख्खनमध्ये त्याच्याही शतकानुशतकं आधीपासून होती, हे इथे सांगायलाच हवं.) पुढे जर्मनीतल्या झोलिंगेनच्या कारागिरांनी पातं दोन्ही बाजूंनी खोल कोरून इतकं पातळ केलं, की नखाने दाबलं तर धार किंचित लवते. 1938 साली तिथे कायदाच झाला, की झोलिंगेनच्या परिसरात न बनलेल्या पात्यावर झोलिंगेनचं नाव घालायचं नाही. जुन्या बाजारात वस्तरा पाहताना पात्याच्या मुळाशी कोरलेली ही दोन नावं शोधावीत, शेफील्ड आणि झोलिंगेन.

आता एक प्रश्न मला नेहमी पडायचा. केस तर पोलादापेक्षा कितीतरी मऊ, मग धार जाते कशाने? 2020 साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी साध्या, फेकून द्यायच्या रेझरची पाती घेऊन हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. धार नुसती झिजून गोल होते असं नाही. तिचे बारीक टवके उडतात. केस पात्याला सरळ भिडला तर फारसं काही होत नाही. पण केस वाकला, आणि नेमक्या त्या जागी पोलादाची घडण एकसारखी नसली, की केसाच्या कडेशी टवका निघतो. मला यातून एक गोष्ट मनोमन पटली. पोलाद चांगलं हवं आणि धार गुळगुळीत हवी. वस्तऱ्याच्या जुन्या माणसांचा सगळा खटाटोप याच दोन गोष्टींसाठी असतो.

विकत घेताना काय बघायचं? पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागात मोजतात. नवशिक्याने 5/8 किंवा 6/8 चा घ्यावा, म्हणजे साधारण 16 ते 19 मिलिमीटर. टोक गोल असावं. चौकोनी टोक कानाच्या पाळीला आणि ओठाच्या कोपऱ्याला हमखास लागतं. आणि विकणाऱ्याला स्पष्ट विचारा, दाढीच्या लायक धार लावून देणार का? नवाकोरा चकचकीत वस्तरा म्हणजे धारदार वस्तरा, असं मुळीच नाही. ऑनलाइन अगदी स्वस्तात मिळतात त्यातल्या पुष्कळ वस्तूंना वस्तऱ्याचा नुसता आकार असतो. त्यावर धार बसतही नाही आणि टिकतही नाही.

आजोबांचा वस्तरा सापडला असेल तर तो उजेडात धरा. पाठीवर, मधल्या भागात तांबूस गंज असेल तर काळजी नको, तो निघतो. पण धारेलगत काळे खड्डे पडलेले असतील, पात्याला चीर गेली असेल, तर तो आठवण म्हणून जपून ठेवावा. वापरण्याजोगा निघालाच तर आधी नीट निर्जंतुक करून घ्या, आणि तो एकाच माणसाचा ठेवा. वस्तरा घरातल्या घरातही वाटून घ्यायची वस्तू नाही.

अर्धं ब्लेड बसवायचा सलूनमधला वस्तरा घेऊन सुरुवात केली तर? करावी. धारेची चिंता मिटते, कोन शिकता येतो, आणि आपल्याला हे झेपणार आहे का हे थोड्या पैशांत कळतं. मात्र ते पातं ताठ आणि वजनाला हलकं असतं, चूक अजिबात पोटात घालत नाही. त्यावर हात बसला नाही म्हणून खऱ्या वस्तऱ्याचा नाद सोडू नका. खरा वस्तरा त्यापेक्षा मऊ चालतो.

महाराष्ट्रात वस्तरा पिढ्यान्‌पिढ्या नाभिक समाजाच्या हातात राहिला. धोकटीत वस्तरा, दगड, चामड्याचा पट्टा, वाटी, तुरटी असा सगळा संसार असे. या माणसांनी वस्तरा नुसता चालवला नाही, तर तो कुठे चालवायचा नाही हेही ठरवलं. 1890 साली मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधव एकत्र आले आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही, असा निर्धार त्यांनी केला. वस्तऱ्याबद्दल बोलताना ही गोष्ट सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. पुढे 1904 साली अमेरिकेत जिलेटच्या पात्याला पेटंट मिळालं आणि हळूहळू जगभर माणसं घरीच दाढी करू लागली. नंतर एचआयव्ही आणि हेपटायटिस बी यांची जाणीव वाढली, तशी सलूनमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवं ब्लेड वापरण्याची पद्धत आली. ती योग्यच आहे. त्यापायी एवढं झालं की आजच्या तरुण कारागिराला वस्तरा पाजवावा लागत नाही. ती विद्या जुन्या माणसांकडे उरली आहे. अशी व्यक्ती तुमच्या गावात असेल, तर काका म्हणून जाऊन बसा त्यांच्याकडे.

आता पट्टा. ही यातली सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो. दाढी करताना धार अतिसूक्ष्म पातळीवर वाकडीतिकडी होते. पट्टा ती सरळ करतो, गुळगुळीत करतो. प्रत्येक दाढीआधी हे व्हायलाच हवं. पट्टा हुकाला अडकवा आणि दुसरं टोक हातात धरून ताठ ठेवा. पट्टा सैल पडला, मध्ये झोळ आला, तर धार गोल होते. वस्तरा पट्ट्यावर आडवा ठेवा, पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या. आता चालताना पाठ पुढे आणि धार मागे. टोकाला पोहोचलात की पाठ पट्ट्यावरच टेकलेली ठेवून त्या पाठीवरून पातं उलटवा, आणि मग परत या. धारेवरून उलटवलंत तर धारही गेली आणि पट्टाही कापला गेला. जोर शून्य, फक्त पात्याचं वजन. कापडी पट्ट्यावर वीस फेऱ्या आणि चामड्यावर चाळीस फेऱ्या पुरे. वेगाची घाई नको. जुना कारागीर सटासट पट्टा मारतो ते बघून आपलाही हात शिवशिवतो, पण त्याचा वेग वर्षांच्या सवयीतून आलेला असतो. पहिला पट्टा स्वस्तातला घ्या, त्यावर चिरा पडणारच. आणि माझं ऐकाल तर वस्तरा गालाला लावण्याआधी काही दिवस नुसता पट्टाच मारा. पातं उलटवताना मनगटाऐवजी बोटांत फिरू लागलं की हात तयार झाला.

दाढीची तयारी साधी आहे. आंघोळीनंतर करा, किंवा गरम पाण्याचा टॉवेल दोन-तीन मिनिटं चेहऱ्यावर ठेवा. केस पाणी प्यायला की मऊ पडतो. ब्रशने दाट, ओलसर फेस करा. डब्यातल्या कोरड्या फुसफुशीत फोमवर वस्तरा नीट घसरत नाही. आणि फेस लावण्याआधी बोटं फिरवून आपल्या केसांचा कल कुठल्या जागी कुठल्या दिशेला आहे ते बघून ठेवा. गालावर तो बहुधा खाली असतो, पण मानेवर कित्येकांचा आडवा किंवा चक्क वर जाणारा निघतो.

धरताना तीन बोटं पात्याच्या मुळावर, करंगळी मुळामागच्या वळलेल्या शेपटीवर, अंगठा खालून, आणि पातं ज्यात मिटतं ती मूठ वर उघडलेली. पहिला हात कानशिलाखाली गालावर. पाठ गालाला टेकवा, मग पाठीच्या जाडीच्या दुपटीइतकी उचला. हा झाला साधारण 30 अंशांचा कोन. जास्त उचललंत तर कापेल, कमी उचललंत तर केस ओढले जातील. मोकळ्या हाताने कातडी वरच्या बाजूला ताणून धरा. सैल कातडीवर वस्तरा चालवूच नये. मग इंचभराचे छोटे हात, सुलटे, म्हणजे केसांच्या कलाने, खाली. एक नियम जिवापाड पाळा. पातं नेहमी धारेच्या काटकोनात पुढे जावं, धारेच्या लांबीच्या दिशेने कधीही सरकू नये. काकडी आपण पातं सरकवूनच कापतो ना, तसंच ते कातडी कापतं. आणि वस्तरा हातातून निसटला तर झेलायला जाऊ नका, पडू द्या.

सुरुवातीचे काही दिवस फक्त दोन गाल वस्तऱ्याने करा आणि बाकीची दाढी तुमच्या नेहमीच्या रेझरने आटपा. यात कमीपणा काही नाही. गालावर हात बसला की जबड्याखालची बाजू, मग मान. हनुवटी आणि वरचा ओठ अगदी शेवटी, कारण तिथे केस राठ आणि जागा वळणाची. डाव्या गालाला डावा हात वापरायची सवय आत्ताच लावली तर पुढे सुख आहे. पहिल्यांदा फार अवघड वाटतं, पण डाव्या हाताला जुन्या वाईट सवयी नसतात म्हणून तो लवकर शिकतो. उलटा हात मारायची घाई करू नका. महिना-दोन महिने सुलट्या हाताची स्वच्छ दाढी जमली, की मग बघू. दाढी झाल्यावर गार पाणी आणि तुरटी. तुरटी जिथे झोंबेल तिथे जोर जास्त लागला, हे त्याच वेळी कळतं.

ज्यांना मधुमेह आहे, जे रक्त पातळ करण्याची औषधं घेतात, किंवा ज्यांच्या चेहऱ्यावर मुरमं फुललेली आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

आपल्याकडचा पावसाळा वस्तऱ्याचा मोठा शत्रू. कोकणात, मुंबईत तर एका रात्रीत पात्यावर तांबूस ठिपके येतात. दाढीनंतर पातं धुऊन मऊ कापडाने कोरडं करा, पाठीकडून धारेकडे पुसा, मुठीच्या खोबणीतलं पाणीही टिपून घ्या. मग शिलाई मशीनच्या तेलाचा पुसट हात, आणि वापरण्याआधी साबणाने ते धुऊन टाका. वस्तरा न्हाणीघरात ठेवू नका. पट्टाही नको, चामड्याला बुरशी येते. आणि दोन्ही मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी असू द्या.

एवढं करूनही एक दिवस येतो. पट्टा नीट मारला तरी पातं ओढायला लागतं. आता दगड. चांगल्या राखलेल्या वस्तऱ्याला बारीक दगड पुरतो, 8000 किंवा 12000 चा (आकडा जितका मोठा तितका दगड बारीक), पाण्यात भिजवलेला, अगदी सपाट. हजाराचा खरखरीत दगड धारेला टवका गेला असेल तरच. दगडावर पातं पट्ट्याच्या उलट चालतं, धार पुढे. पण पहिल्या वेळी हे स्वतः करू नका. पाजवणं येणाऱ्या माणसाकडे जा, आणि वस्तरा ठेवून निघून येऊ नका, शेजारी बसा. धारेच्या पुढे दगडावरचं पाणी कसं ढकललं जातं ते बघा. ते धारेच्या पूर्ण लांबीभर सारखं सरकत असेल, तर धार सगळीकडे टेकली आहे. मध्येच कुठे पाणी धारेखाली शिरत असेल, तर तेवढी जागा अजून राहिली आहे. किती हात मारले, किती जोर दिला, कुठे थांबलात, हे विचारा. आणि ते जे पैसे सांगतील ते द्या, घासाघीस करू नका.

नमस्कार.