खाऱ्या पाण्यात उभे पाय

(भरतीचं पाणी, मानस, एकापुढे एक वाफे)

गोव्यात पेडणे तालुक्यातला आगरवाडा, तिथली मिठागरं. शापोरा नदीला भरती आली की मानशीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, पाणी आत घेतात. या वाफ्यातून त्या वाफ्यात फिरवत ते उन्हात आटवायचं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात मीठ साधारण 35 ग्रॅम. पाणी आटत आटत जेमतेम दहावा हिस्सा उरलं की खडे धरायला लागतात. आता फळी ओढायची, ढीग लावायचे. त्या दाट खाऱ्या पाण्यात ही माणसं सकाळपासून अनवाणी उभी आहेत.

(टाच, अगदी जवळून)

ही टाच नीट बघा. हा अभिस्तर, म्हणजे शरीराचं बाहेरचं आणि आतलंही अस्तर. पेशी एकमेकींना घट्ट बिलगलेल्या. रक्तवाहिनी एकही नाही. खालून झिरपेल त्यावर जगायचं. तळपायाला पेशींचे थरावर थर, म्हणून हा स्तरित; वरच्या पेशी चपट्या, म्हणून पट्टकी अभिस्तर. नवी पेशी तळाला जन्मते, वर सरकताना चपटी होते, केराटिन नावाच्या चिवट प्रथिनानं भरते आणि पृष्ठभागावर पोचेस्तोवर मेलेली असते. या प्रवासाला महिनाभर लागतो. खाऱ्या पाण्याला तोंड देतं ते हे मेलेलं कवच. रोज घासून जातं, रोज खालून भरून येतं.

झीज जास्त झाली की भेग पडते, मीठ आत शिरतं. आगरात उतरणाऱ्या प्रत्येकाला गमबूट मिळायलाच हवेत.

(कपाळावरचा घाम)

घाम येतो तो ग्रंथिल, म्हणजे स्राव सोडणाऱ्या ग्रंथींच्या अभिस्तरातून. मूत्रपिंडाच्या नलिकांतला घनाभरूप, म्हणजे ठोकळ्यासारख्या पेशींचा अभिस्तर मीठ-पाणी परत शोषून घेतो. फुप्फुसातला सरल पट्टकी अभिस्तर एकपदरी, इतका पातळ की ऑक्सिजन सहज पार होतो.

(बांधावर पेज)

अकराच्या सुमाराला पेज येते, सोबत खारातली कैरी. लहान आतड्यात स्तंभीय अभिस्तराच्या उंच पेशी एकेरी रांगेत उभ्या असतात, माथ्यावर सूक्ष्मांकुर, म्हणजे शोषणाला जागा वाढवणारे बारीक कोंब. पेजेतल्या पिष्टाचं ग्लुकोज होतं. ते सोडियमला सोबत घेऊनच पेशीत शिरतं, आणि त्यांच्या मागोमाग पाणी. जुलाबात मीठ-साखरेचं पाणी देतात ते याचसाठी. उन्हात घामावाटे गेलेलं मीठ आणि पाणी भरून काढायला याहून चांगलं जेवण कुठलं? आपल्या जुन्या माणसांनी हे नेमकं हेरलं होतं.