गुरुवारी येणारी ट्रेन

(पडद्यावर: मराठी विकिपीडियाचं मुखपृष्ठ)

विकिपीडियावरचं एखादं पान कोणी आणि किती वाजता बदललं, हे 'इतिहास पहा'वर टिचकी मारली की दिसतं. पण त्याच पानामागचं सॉफ्टवेअर, मीडियाविकी, तेही जवळजवळ दर आठवड्याला बदलतं. वाचकाला त्याची खबरही नसते.

या साप्ताहिक आवृत्तीला तंत्रज्ञ मंडळी 'ट्रेन' म्हणतात. मंगळवारी ती चाचणीच्या विकींवर, म्हणजे याच सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या चाचणी-संकेतस्थळांवर येते. बुधवारी कॉमन्स या चित्रसंग्रहावर, विक्शनरी या शब्दकोशावर, आणि हिब्रू, कॅटलान अशा मोजक्या विकिपीडियांवर. गुरुवारी मराठीसह उरलेल्या सगळ्यांवर. वाटेत मोठा दोष सापडला, तर ट्रेन तिथंच थांबवतात. शुक्रवारी सहसा नवं काही चढवायचं नाही, असा दंडक. शनिवार-रविवार निस्तरत बसायची हौस कोणाला?

काय बदललं, हे सांगणारं 'टेक न्यूज' हे वार्तापत्र २०१३ पासून दर आठवड्याला निघतं. वेगवेगळ्या भाषांत ते आणतात तेही स्वयंसेवकच.

(पडद्यावर: एक जुनं चर्चा पान, खाली जावं तसं अक्षर बारीक होत जातं)

हे पान नीट बघा. कोण्या सदस्यानं आपली सही बारीक अक्षरात केली, पण बारीक अक्षर सुरू करणारी खूण शेवटी बंद करायची राहून गेली. पुढच्या सहीतही तेच. वर्षानुवर्षं 'टायडी' नावाची एक आज्ञावली असल्या चुका गुपचूप सावरून घ्यायची. जुलै २०१८ मध्ये तिला निवृत्त केलं आणि झाकलेलं सगळं उघडं पडलं. कुठं अर्धं पान ठळक, कुठं सारणी विस्कटलेली. दोषांची यादी यंत्रानं बनवली खरी, पण ती पानं दुरुस्त करायला सदस्य बसले आणि त्यांचे सांगकामेही, म्हणजे आपोआप संपादनं करणाऱ्या आज्ञावल्या. असल्या कामाचं कौतुक होत नाही. नवा लेख लिहिणाऱ्याचं होतं.

(पडद्यावर: सर्व्हरची रांग)

वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरमध्ये, विकिपीडियाचा सगळा कारभार व्हर्जिनिया आणि टेक्सास इथल्या दोन सर्व्हर-केंद्रांमध्ये आलटून पालटून हलवतात. एक केंद्र बंद पडलं तर दुसरं भार पेलेल ना, याची ती रंगीत तालीम. त्या वेळी काही मिनिटं लेख वाचता येतात, संपादता येत नाहीत. नेमकं तेव्हाच 'बदल प्रकाशित करा' दाबलंत, तर घाबरू नका. मजकूर कॉपी करून ठेवा आणि थोड्या वेळानं पुन्हा दाबा.