बांधावरचं देवभात

(दृश्य: पाण्यानं भरलेलं खाचर. कडेला कुसळांच्या लोंब्या वाऱ्यावर हलताहेत.)

कडेला उभं आहे तेही भातच. पण कापायला कुणी येणार नाही. दाणा पिकला की चिखलात झडतो. कोकणात याला देवभात म्हणतात, माणसानं न पेरलेलं. बेणणीला वाकलेली बाई ते उपटून बांधावर फेकते, आणि तिचं काही चुकत नाही.

यातल्याच एका जातीचं शास्त्रीय नाव ओरायझा निवारा. संस्कृतातला नीवार तो हाच, ऋषिमुनींच्या आश्रमातला.

(दृश्य: फिलिपिन्स, लॉस बान्योस. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेची शेतं.)

1966 साली इथून आयआर 8 हे बुटकं वाण बाहेर पडलं. पाणी असेल तिथे वर्षाला दोन-दोन, तीन-तीन पिकं निघू लागली. खाचर कधी रिकामं राहीना. तपकिरी तुडतुड्यांना ते मानवलं, आणि त्यांच्यामार्फत पसरणाऱ्या एका विषाणूलाही. हा विषाणू तुडतुड्याच्या अंड्यांतून पिल्लांत उतरत नाही. नव्या पिढीला तो मिळतो रोगट रोपाचा रस प्यायल्यावरच. त्यामुळे दोन पिकांमध्ये खंड पडला की ही साखळी तुटत जाते. आता खंडच उरला नव्हता.

रोगट भात गवतासारखं दिसतं. खुजं, फुटवे भरमसाट, पानं अरुंद आणि फिकट. लोंबी धरत नाही.

पंजाबात जन्मलेले गुरदेव खुश तेव्हा संस्थेत भात पैदासकार होते. संग्रहातले सहा हजारांहून जास्त नमुने रोगापुढे उभे केले गेले. लागवडीच्या वाणांत टिकाऊ असं काही हाती लागलं नाही. टिकला तो उत्तर प्रदेशातून आणलेल्या नीवाराचा एक नमुना. त्यातलीही मोजकीच रोपं.

नीवार आणि आपलं भात जवळचे भाऊबंद, त्यामुळे संकर सहज जमला. प्रतिकाराचा गुणही एकाच प्रभावी जनुकात होता. पण त्याच्यासोबत झडणारा दाणाही येतो! म्हणून प्रत्येक पिढी पुन्हा चांगल्या वाणाशी जुळवायची, तिला रोग लावायचा, आणि तगेल तेवढंच ठेवायचं. हे पुन्हा, पुन्हा, पुन्हा.

1976 मध्ये आयआर 36 आलं. साधारण 110 दिवसांत तयार होणारं. 1980 च्या दशकात ते जगात सुमारे 1 कोटी 10 लाख हेक्टरांवर होतं, आणि त्या सगळ्या शिवारात नीवाराचं ते जनुक होतं.

त्याच दशकात फिलिपिन्समध्ये विषाणूचं दुसरं रूप सापडलं. त्याला हे जनुक अडवू शकलं नाही.

(दृश्य: पुन्हा तोच बांध. उपटलेलं देवभात उन्हात सुकतंय.)