मिडी रेकॉर्डिंग तालात बसत नाही? क्वांटाइज दाबायच्या आधी हे बघा

नमस्कार! कीबोर्डवरून मिडी (आवाज नाही, कुठली पट्टी कधी दाबली याची नोंद) रेकॉर्ड करताय, मेट्रोनोम लावून नीट वाजवलंय, वाजवताना कानाला सगळं बरोबर वाटलंय, आणि पियानो रोल (रेकॉर्ड झालेल्या नोट्स तालाच्या रेषांवर दाखवणारी खिडकी) उघडला तर नोट्स रेषेच्या भलतीकडेच पडलेल्या. अशा वेळी हात आपोआप क्वांटाइजकडे, म्हणजे नोट्स आपोआप रेषांवर बसवणाऱ्या बटणाकडे जातो. जरा थांबा. क्वांटाइज केलंत की गडबड नेमकी कुठे झाली हे दिसायचंच बंद होतं.

आधी एवढंच बघा: सगळ्या नोट्स एकाच बाजूला, साधारण सारख्याच सरकल्यात की एक पुढे, एक मागे? सारख्या सरकल्या असतील तर ती लेटन्सी. दर नोटला अंतर बदलत असेल तर जिटर. लेटन्सी आकडा टाकून भरून काढता येते, जिटरला तो इलाज नाही.

आता तुम्ही म्हणाल, हात तर माझाही हलतो, मग दोष कुणाचा हे कसं ठरवायचं? त्यासाठी माइक कीबोर्डच्या पट्ट्यांजवळ ठेवा. एक ऑडिओ ट्रॅक, एक मिडी ट्रॅक, दोन्ही एकदम रेकॉर्डला लावा. स्पीकर बंद. एकच पट्टी वीसेक वेळा जोरात दाबा, तालात नसलं तरी चालेल. मग झूम करा. ऑडिओत पट्टी खाली आदळल्याची ‘टक’ दिसेल, मिडीत तीच नोट. दोघांतलं अंतर किती याला महत्त्व नाही, कारण ऑडिओलाही स्वतःची लेटन्सी असते. ते अंतर दर वेळी तेवढंच राहतंय का, हे बघा. राहत असेल तर जिटर नाही.

मग काही जण विचारतात, माझ्या नोट्स उशिरा नाही, उलट *आधी* का पडतात? मला हा प्रकार सगळ्यात मजेशीर वाटतो. बफर (कॉम्प्युटर आवाजाचे जेवढे तुकडे, म्हणजे सॅम्पल, एका वेळी गोळा करून पुढे पाठवतो तो आकडा) 1024 सॅम्पल आणि सॅम्पल रेट (सेकंदाला किती सॅम्पल) 44,100 असेल तर नुसत्या बफरचेच सुमारे 23 मिलिसेकंद होतात. पट्टी दाबल्यावर आवाज तेवढा उशिरा येतो. कान तो आवाज क्लिकवर बसवायला बघतो, म्हणून बोट नकळत आधी पडतं. आणि सॉफ्टवेअर बऱ्याचदा बोटाची वेळ लिहून ठेवतं, आवाजाची नाही.

म्हणून रेकॉर्ड करताना बफर 128 वर आणा, म्हणजे तो जेमतेम 3 मिलिसेकंदांवर येतो. आवाज तडतडला तर 256. मिक्सिंगला खुशाल परत वाढवा. मास्टरवर (सगळ्या ट्रॅकचा एकत्र आवाज जातो तिथे) लुकअहेड लिमिटर किंवा लिनिअर फेज इक्यू असा आवाज उशिरा सोडणारा इफेक्ट लावून ठेवला असेल तर तोही रेकॉर्डिंगपुरता बंद करा. आणि ब्लूटूथ हेडफोन लावून वाजवत असाल तर बाकी काही तपासूच नका, आधी वायरवाले लावा.

जिटर निघाला तर कीबोर्ड यूएसबी हबमधून काढून थेट कॉम्प्युटरला जोडा. विंडोजवर मिडी सेटिंगमध्ये टाइमस्टॅम्पचा (नोटची वेळ कुठल्या घड्याळाने नोंदवायची याचा) पर्याय शोधा. क्युबेस, रीपर या दोन्ही रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये तो आहे. तो बदलायचा आणि ‘टक’वाली चाचणी परत करायची. एका वेळी एकच गोष्ट बदला हं, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

जुन्या पाच पिनांच्या मिडी केबलला मात्र उगाच बोल लावू नका. 1983 पासून तिचा वेग सेकंदाला 31,250 बिट्स आहे. एका नोटला साधारण 1 मिलिसेकंद लागतो, म्हणजे चार नोटांच्या कॉर्डमध्ये शेवटची नोट पहिलीच्या 2-3 मिलिसेकंद मागे. 120 च्या टेम्पोला दोन सोळांश नोटांमध्ये (पाव ठोक्याच्या अंतरात) 125 मिलिसेकंद असतात. गडबड एवढ्याने होत नाही.

एवढं करूनही सगळ्या नोट्स एकाच बाजूला राहिल्या, तर क्लिकवर पुन्हा वाजवून सरासरी अंतर काढा आणि मिडी रेकॉर्डिंग ऑफसेटमध्ये (नोट्स ठरावीक अंतराने सरकवणाऱ्या सेटिंगमध्ये) टाका. जमेल तिथे मिलिसेकंदच निवडा. टिक्समध्ये (ठोक्याच्या बारीक भागांत) टाकलंत, तर टेम्पो बदलला की तो आकडा चुकीचा ठरतो.